सुकाणूपाशी दोन वीत जागा

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हताच तो, नुसती भुरभुर. पण छत्री विसरलेल्या माणसाला तेवढीही पुरते. बोटींच्या यार्डात लोखंडी टेकूंवर उभ्या केलेल्या एका निळ्या बोटीच्या पोटाखाली त्याने आसरा घेतला होता — आणि मान मागे टाकून, आ वासून तो वर बघत होता.

पाण्यात असताना बोट अर्धीच दिसते. उरलेली अर्धी पहिल्यांदा बघणाऱ्याचं हे असंच होतं. शिडाच्या बोटीचा तो तळाचा जाडजूड कणा, त्यात ओतलेलं मणामणाचं शिसं, आणि वर पसरत गेलेली गोल, गुळगुळीत कूस... माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

"तिच्याखाली खुशाल उभे राहा," मागून आवाज आला. "पण तिला घेऊ नका."

तो दचकून वळला. मागे एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली. अंगात रंगाचे डाग पडलेला डगला, केस कसेबसे वर बांधलेले, त्यात पेन्सिल खोचलेली, आणि हातात एक छोटी लाकडी हातोडी. यार्डात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. कुणी बोट विकत घेण्याआधी ती आतून-बाहेरून तपासायची, जे असेल ते कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची, हे तिचं काम. त्या सहीच्या भरवशावर लोक घरदार सोडून समुद्रावर राहायला जात.

"आगाऊ पैसे द्यायलाच निघालो होतो," तो म्हणाला. "दलाल म्हणाले, अशी बोट पुन्हा मिळायची नाही."

"खरंच बोलले. इतकी कुजलेली पुन्हा मिळणार नाही."

"दिसत तर नाही तशी..."

"दिसत नाहीच. वाजते." ती वाकून त्याच्या शेजारी आली आणि हातोडीने निळ्या कुशीवर टकटक करत गेली. टण्, टण्, टण्... आणि मग एकदम — थप्. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं तसं. "ऐकलंत? बाहेर रंग आहे, आत पाणी."

बोट घ्यायला येणारे सगळे डोळे विस्फारून बघत. यानं डोळे मिटले. "पुन्हा ठोकाल?" म्हणाला. तिने ठोकलं. मिटल्या डोळ्यांनी, मान किंचित कलती करून तो ऐकत राहिला, आणि भुरभुरीचे थेंब त्याच्या पापण्यांवर तसेच राहिले. डॉक्टरीणबाईंना उगाचच हातोडी जड वाटू लागली.

"करता काय तुम्ही?" तिने विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. वर आणि खाली, वर आणि खाली..." त्याने डोळे उघडले. "आता जरा आडवं जावं म्हणतो."

ती हसली. यार्डात ती हसत नसे. दलाल त्याचा फायदा घेतात.

"किती दिवसांसाठी?"

"राहायलाच. कायमचं."

असं म्हणणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण ते मोठ्यांदा म्हणत. हा इतकं हळू म्हणाला, की तिला त्याचं खरं वाटलं.

पुढचे दोन महिने दोघं बोटी बघत हिंडली. म्हणजे बोटी बघायच्या त्याने, नाकारायच्या तिने. लिफ्टवाल्याला सौंदर्याची भारी हौस. जी बोट सुबक दिसेल तिच्या तो प्रेमात पडे, आणि डॉक्टरीण खाली वाकून तिची कुंडली मांडे.

दुसऱ्या बोटीत दिवाणखान्यात शोभेल असा ऐसपैस सोफा होता. तो खूश.

"आडवे व्हा," ती म्हणाली.

"इथे?"

"इथेच. आता समजा, बाहेर वारा सुटलाय आणि बोट अशी कललीय —" तिने तळहात तिरपा केला. "कुठे जाल?"

तो आडव्याचा तसाच, छताकडे बघत म्हणाला, "तुमच्या अंगावर."

तिने तिरपा तळहात घाईने मागे घेतला.

"म्हणूनच म्हणते," डॉक्टरीण कागदात डोकं खुपसून म्हणाली, "झोपायची जागा अरुंद हवी. दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी. घरात पसरायला जागा लागते, समुद्रात आवळून धरणारी लागते."

"हे लिहून घेतो," तो म्हणाला. आणि कान लाल झाले होते दोघांचेही.

तिसऱ्या बोटीत इंजिनापर्यंत हातच पोचत नव्हता. "भर समुद्रात बिघडलं तर फक्त नमस्कार करता येईल," तिने सांगितलं. चौथीची डोलकाठी मात्र त्यानेच नापास केली. डोलकाठी उभी राहते ती चहूबाजूंनी ताणलेल्या पोलादी तारांवर, आणि तारा म्हणजे त्याचं घर. त्याने खिशातून कापसाचा बोळा काढला, तारेवरून हलकेच फिरवत नेला, आणि एका जागी कापसाचा एक धागा अडकून मागे राहिला. केसाएवढं टोक तुटलेलं. तिच्या डोळ्यांना दिसलंही नव्हतं.

"एक तुटली की शेजारणीवर भार येतो," तो म्हणाला. "मग ती तुटते. लिफ्टमध्ये आरशात भांग पाडणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. नसावंच. त्यासाठी मी आहे."

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. इतका राकट हात आणि इतका अलगद... आजवर तिला वाटे, वस्तूंशी असं बोलणारे जगात दोघंच, एक बाबा आणि एक ती. काखेत कळसा नि गावाला वळसा तो हाच; ज्या लिफ्टने ती दर आठवड्याला बँकेत जाई, तिच्या माथ्यावर हा माणूस कापूस फिरवत बसलेला असे.

एका दुपारी धक्क्यावर चहा पिताना त्याने सांगितलं, की गेल्या वर्षी आई गेली. पंधराव्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीतून समुद्राची एक पट्टी दिसते, दोन इमारतींच्या मध्ये, हातरुमालाएवढी. आई तिथे खुर्ची टाकून बसायची आणि विचारायची, पुढे कुठे जातो रे हा? त्याला सांगता यायचं नाही. "आता खोली विकली. महिनाअखेरीला किल्ली देऊन टाकायची. म्हटलं, जाऊन बघून यावं, कुठे जातो ते."

"आणि परत?" तिने विचारलं. सहज विचारलं, असं तिचं तिला वाटलं.

"परत कशाला? आता घरी वाट बघणारं कोणी नाही."

ती चहाच्या कपात बघत राहिली. चहा केव्हाच संपला होता.

आणि मग ती बोट आली.

यार्डाच्या अगदी टोकाला उभी होती. दुधावरची साय जुनी झाल्यावर होते तसा रंग, नावाची निम्मी अक्षरं गळालेली, दिसायला बेताचीच. लोक तिच्या पुढून जात आणि बघतही नसत. डॉक्टरीणबाईंनी सवयीने पुढच्या टोकापासून ठोकायला सुरुवात केली. टण्. टण्. टण्. लिफ्टवाला रंगाची रिकामी बादली पालथी घालून त्यावर बसला होता. ती सरकली की तो बादली घेऊन सरके.

तास झाला. दोन झाले. तिच्या अंगावर हळूहळू काटा यायला लागला. एक ठोका, एक ठोकासुद्धा खोटा लागेना. बोटीची भिंत ती केवढी? बोटभर जाडीची. तिच्या अलीकडे माणूस उशीवर डोकं टेकून झोपतो आणि पलीकडे आख्खा समुद्र असतो, तळ न लागणारा. तीस वर्षं त्या समुद्राने हिचं दार ठोठावलं होतं आणि हिने एक थेंब आत येऊ दिला नव्हता. ज्या कुणी कारागिरांनी ही बांधली ते आता असतील-नसतील. पण त्यांनी न बघता कुणा अनोळखी माणसाच्या झोपेची काळजी घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी हातोडी खाली केली आणि तळवा त्या कुशीवर टेकवला. देवळात गेल्यासारखं वाटलं तिला.

"का थांबलात?" त्याने विचारलं.

"काही नाही..."

"चांगली आहे ना?"

तिने वळून पाहिलं. बादलीवर बसलेला, गुडघ्यावर कोपर टेकलेला, चेहरा वर केलेला — पहिल्या दिवशीचाच तो थक्क चेहरा. तिने याच्यासाठी दोन महिने जी शोधली ती हीच. ही याला घेऊन जाईल. सुखरूप घेऊन जाईल, आणि परत आणायचं हिला काही कारण नाही.

"अजून सुकाणू राहिलंय," ती म्हणाली.

सुकाणूही खणखणीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बसून तिने अहवाल लिहिला. तेरा पानं भराभर झाली. तेराच्या तेरा खरी. चौदाव्या पानावर पेन अडलं. बाबांनी तिला एकच नियम शिकवला होता: मालकाला बरं वाटेल असं लिहायचं नाही आणि स्वतःला बरं वाटेल असं तर मुळीच नाही. नऊ वर्षं ती तो पाळत आली होती. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं, आणि लिहिलं: "सुकाणूपाशी, डाव्या अंगाला, दोन वीत जागा बद्द वाजते. आत पाणी शिरल्याचा संशय. घेऊ नये."

खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचं तिला आश्चर्य वाटलं.

दोन दिवसांनी तो आला. तिला वाटलं होतं, वाद घालेल, दुरुस्तीचं काही विचारेल. तो म्हणाला, "नाही घेत मग."

"हवं तर... दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

"कशाला? तुम्ही लिहिलंय ना." तो खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "खरं सांगू? काल मी जाऊन स्वतः ठोकून बघितलं त्या जागी. माझ्या कानाला अगदी खणखणीत वाटलं. म्हटलं, बघा, दोन महिने शिकवूनही आमचा कान कच्चा तो कच्चाच." आणि तो हसला. "बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर जीवच गेला असता माझा."

तिला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

"शुक्रवारी एक जोडपं येतंय म्हणे ती बघायला," तो उठता उठता म्हणाला. "त्यांनाही सांगा हं. बिचारे फसतील."

तो गेला तरी ती बसूनच राहिली. मनात मांडे खाल्ले होते तिने, की बोट मिळाली नाही तर तो थांबेल, आणखी एक बघू म्हणेल, आणखी एक... त्याने स्वतःचा कान खोटा ठरवला आणि तिचा कागद खरा मानला, हे तिच्या हिशेबात कुठे नव्हतं.

संध्याकाळी बाबा यार्डात आले. चाळीस वर्षं बोटींची सुतारकी केलेला माणूस; यंत्रांच्या आवाजाने कान पार गेलेले. ते तिचे सगळे अहवाल वाचत, आणि हा वाचून ते थेट त्या साय रंगाच्या बोटीपाशी गेले होते. तिला खुणेने बोलावलं. सुकाणूच्या डाव्या अंगाला तळवा टेकवला आणि म्हणाले, "ठोक."

तिने ठोकलं.

"माझे कान गेलेत, हात नाही गेले," बाबा म्हणाले. "चुकलीस का?"

तिने मान हलवली. नाही.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग बाजूला पडलेल्या पालथ्या बादलीकडे त्यांनी पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "असं होय," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझी आई एकदा नोकरीसाठी दुसरीकडे जायला निघाली होती. मी तिच्या सायकलची हवा सोडली. गाडी चुकली तिची."

तिने भुवया वर केल्या. मग?

"तीन महिने रडत होती, नशीबच फुटकं म्हणून. मला बघवेना. सांगून टाकलं." बाबांनी बोटीवर हात फिरवला. "मग आणखी तीन महिने बोलली नाही. पण त्याआधी, माझं खोटं मध्ये असताना, ती जे बोलत होती ना माझ्याशी, ते फार वाईट होतं बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या कामावर गेली. वीस मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. शेवटचा मजला लोखंडी शिडीने चढायचा. आत माणसाच्या उंचीचं एक चाक, आणि त्यावरून खाली अंधारात उतरलेल्या सहा तारा. तो वहीत काहीतरी लिहीत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. ते तिला सगळ्यात जड गेलं.

"त्या बोटीत काही दोष नाही," ती म्हणाली. धाप लागली होती, आणि थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "सुकाणूपाशी काही नाही. मी खोटं लिहिलं."

खाली कुणीतरी बटण दाबलं असावं. ते प्रचंड चाक एकदम फिरू लागलं. तारा सरसरत वर येऊ लागल्या. ते थांबल्यावर त्याने पेन बाजूला ठेवलं.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही गेला असतात म्हणून."

हे वाक्य तिने वाटेत वीस वेळा म्हणून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी त्यापुढे तो हसायचा. आता तो हसला नाही. त्याने वही उलटी करून तिच्यापुढे धरली. पानभर तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे त्याची सही.

"आत्ता गेली ना लिफ्ट, त्यात कोण होतं मला माहीत नाही," तो हळू म्हणाला. "म्हातारं असेल, तान्हं असेल. या सहीवर पाय ठेवून ते वर गेलं. सोळा वर्षांत मला कितीदा वाटलं असेल, आज नको, उद्या बघू... एकदाही टाळलं नाही. माझ्या कानावर माझा विश्वास होता. तुम्ही लिहिलंत म्हणून मी तो काढून टाकला."

"मी 'घेऊ नये' लिहिलं. जीव जाईल असं तर काही..."

"खोटं ते खोटंच. आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." त्याने वही मिटली. "तुम्ही जा आता."

ती गेली. लिफ्टने नाही, जिन्याने. वीस मजले.

तिथून ती थेट दलालाकडे गेली आणि अहवाल मागे घेतल्याचं लिहून दिलं. दलाल खुशीत आला. "म्हणजे डॉक्टरीणबाईंचंही चुकतं तर."

"चुकलं नाही. जाणूनबुजून खोटं लिहिलं. तसंच लिहिलंय, वाचा."

"अहो, चुकलं म्हणा की... कोण विचारतंय?"

"तेच खोटं पुन्हा कशाला?" ती म्हणाली.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गुरुवारपर्यंत सगळ्या यार्डाला कळलं होतं. एका गिऱ्हाइकाने ठरलेली तपासणी रद्द केली, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. ती पत्र्याच्या खोलीत बसून पेन्सिलींना टोकं काढत होती, तेव्हा दारात सावली पडली.

"पुन्हा तपासा," लिफ्टवाला म्हणाला. "पहिल्यापासून. सगळी."

"माझ्याकडून नको. माझ्या सहीला आता..."

"तुमच्याकडूनच. मी शेजारी उभा राहीन. प्रत्येक ठोका मी ऐकणार."

चार तास लागले. या वेळी त्याने बादली घेतली नाही. तिच्या खांद्याला खांदा लावून तो चालत राहिला, डोळे मिटून. टण्. टण्. टण्. सुकाणूपाशी ती थांबली.

"ठोका," तो म्हणाला.

टण्.

"पुन्हा."

टण्.

"पुन्हा..."

तिने तिसऱ्यांदा ठोकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, आणि तो बोटीकडे बघत नव्हता. तिने घाईघाईने पेन्सिल केसांतून ओढली, तर केस सुटून तोंडावर आले, आणि अहवालाच्या पहिल्या ओळीत तिने तारीख चुकीची घातली. त्याने ती खोडायला लावली.

बोट त्याने घेतली. रविवारी सकाळी ती पाण्यात उतरली, आणि चाचणीसाठी तिघं निघाली: सुकाणूवर बाबा, डोलकाठीपाशी दोघं. यार्डाचा रिवाज असा, की चाचणी बंदराबाहेरच्या दिव्यापर्यंत. दिव्याला वळसा घालायचा आणि परतायचं. तिथे तपासनिसाचं काम संपतं. नऊ वर्षांत तिने तीनशे बोटी तपासल्या होत्या आणि जितक्या पास झाल्या तितक्या वेळा ती त्या दिव्यापासून मागे फिरली होती.

शीड चढलं. बाबांनी इंजिन बंद केलं.

आवाज असा गेला, की कान दुखावेत. आणि मग... बोट किंचित कलली, जराशी थरारली, आणि निघाली. कुणी ढकलत नव्हतं, काही जळत नव्हतं. नुसता वारा. यार्डात टेकूंवर मुकी उभी असलेली ती बेढब वस्तू जिवंत होऊन पाणी कापत होती, आणि तिच्या कुशीबाहेरून समुद्र खळखळत मागे जात होता. लिफ्टवाल्याने डोलकाठीची तार धरली होती. "केवढी ताकद आहे हिच्यात," तो पुटपुटला. "हात लावून बघा... अख्खा वारा आहे या तारेत."

तिने हात लावला. त्याच्या हाताशेजारी. तार गुणगुणत होती.

"त्या दिवशी मला फार राग आला होता," तो समोर बघत म्हणाला. बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे हळू बोलायची गरज नव्हती. तरी तो हळूच बोलला. "रात्रभर खोलीत फेऱ्या मारल्या. सकाळी तो पहिला कागद पुन्हा वाचला. तेरा पानं अशी, की मी बुडू नये म्हणून कुणीतरी एकेक खिळा तपासलाय. आणि चौदाव्या पानावर दोन ओळी, जाऊ नको म्हणून." त्याने वर शिडाकडे पाहिलं. "मला आजवर कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. आई आजारी होती तेव्हासुद्धा म्हणायची, जा, कामाला उशीर होईल."

"तसं सांगायला नको होतं मी..."

"नव्हतंच. तोंडाने सांगायचं."

वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, असं म्हणायची सोय होती. तिने ती घेतली नाही. "मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी डोळे मिटून ऐकलंत ना, तेव्हापासून. आणि तुम्ही गेलात तर मला सहन होणार नाही. पण बोट चांगली आहे. जा तुम्ही."

दिवा जवळ आला, मोठा झाला, आणि शेजारून मागे सरकला. बाबांनी सुकाणू वळवलं नाही. दिव्यापलीकडे पाण्याचा रंगच बदलला. हिरवा संपला आणि काळसर निळा सुरू झाला, आणि कुठल्या टोकाला उठल्या कुणास ठाऊक अशा लांबच लांब लाटा बोटीखालून जाऊ लागल्या. सावकाश. उचलत, ठेवत. समोर काही म्हणजे काही नव्हतं. किनारा नाही, पक्षी नाही, रेघही नाही धड. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं तेही कळत नव्हतं. एवढं मोठं काही जगात आहे आणि आपण त्याच्या दाराशी नऊ वर्षं टकटक करत बसलो, हे तिला एकदम उमगलं. तिची छाती भरून आली. भीती होती ती, पण नुसती भीती नव्हती.

त्याने तारेवरचा हात सरकवून तिच्या हातावर ठेवला.

"मी एकटा नाही जाणार," तो म्हणाला. "तू येशील?"

तू म्हणाला तो. तिने ते ऐकलं, आणि आधी ते तसंच मनात राहू दिलं. लाट आली, बोट वर गेली, खाली आली.

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तीनशे बोटी तपासल्यास ना?"

"तपासते तेव्हा जमिनीवर उभ्या असतात त्या."

तो हसायला लागला. दोन महिन्यांत तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, मान मागे टाकून, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तीही हसली. मग म्हणाली, "शिकायला दोन महिने तरी लागतील. आणि या जुन्या तारा तुला बदलायच्या आहेत. आणि बाबांना नीट सांगायला हवं, दर महिन्याला पत्र टाकायला हवं..."

"लागू दे," तो म्हणाला. "थांबतो मी."

मागून बाबांनी हाक मारली. "वळवू का आता?"

ओरडून उपयोग नव्हता. तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं. म्हातारा वाऱ्यात डोळे बारीक करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि उत्तराची वाट पाहत होता. तिचा एक हात लिफ्टवाल्याच्या हाताखाली होता, तो तिने तसाच राहू दिला. दुसरा उचलून तिने समोर बोट दाखवलं.

बाबांनी मान डोलावली आणि सुकाणू सरळ धरलं.